इशापूरचा शिक्का

सोलापुरात महाविद्यालयात शिकत असताना मी एनसीसीत होतो. कवायतीच्या दिवशी शस्त्रागारातून जी रायफल माझ्या वाट्याला येई, तिच्या दस्त्याजवळच्या पोलादी कड्यावर उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘जी. आर. आय.’ ही अक्षरे, ‘इशापूर’ हे नाव आणि १९४३ हे साल कोरलेले होते. नळीला भोक पाडून ती कवायतीपुरतीच ठेवलेली होती. उस्ताद तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणत असू, ‘जी. आर. आय.’ म्हणजे ‘जॉर्ज, राजा आणि सम्राट’ हे मला कितीतरी वर्षांनी समजले. ज्या शहरात १९३० साली मार्शल लॉ पुकारला गेला आणि ज्याचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले, तिथल्या माणसाला तो मुकुट निव्वळ नक्षी वाटू शकत नाही.

या रायफलीचे खरे नाव ली-एन्फील्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली यांनी तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा सरकता दांडा, आणि मॅगझीन, म्हणजे काडतुसांची पेटी, योजले, तर नळीच्या आतील आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, इंग्लंडमधील एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचे. १८९५ साली ती ब्रिटिश सैन्यात आली आणि १९०७ च्या ‘मार्क थ्री’ या आवृत्तीने तिला कायमचे रूप दिले. .३०३ इंच म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटरचे काडतूस आणि मॅगझीनमध्ये अशी दहा काडतुसे. बोल्टला अडकवणारे खटके मागच्या बाजूला असल्यामुळे तो थोडक्या हालचालीत मागेपुढे होतो, आणि त्यामुळेच कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढू शकत असे. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी काही भाग गाळून जी सुटसुटीत आवृत्ती काढली, तिच्या नावापुढे चांदणी असते. माझी रायफल याच चांदणीवाल्या जातीची होती.

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी असलेल्या इशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून या रायफली बनू लागल्या. स्वातंत्र्यानंतर शिक्क्यातला मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. यंत्रे, कारागीर आणि घडण मात्र तीच राहिली. १९६० च्या दशकात याच कारखान्याने ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी अधिक कणखर पोलादाची, बारा काडतुसांच्या चौकोनी मॅगझीनची ‘टू ए’ आणि नंतर ‘टू ए वन’ ही रायफल घडवली. हाताने बोल्ट ओढण्याची पद्धत जगभर मागे पडत असताना झालेले हे काम मला फार मोलाचे वाटते.

परदेशी संग्राहक रायफलीची किंमत ठरवताना आधी क्रमांक पाहतात. बोल्ट, मुख्य पोलादी सांगाडा, नळीच्या टोकाचे आवरण आणि पुढचे लाकूड या सर्वांवर एकच क्रमांक असेल तर मोल कितीतरी वाढते. १९०७ च्या नमुन्याच्या, सतरा इंची पात्याच्या संगिनीला आरंभीच्या काळातली मुठीजवळची आकडी शाबूत असेल, तर ती संगीनच स्वतंत्रपणे दुर्मीळ ठरते. इशापूरच्या रायफली अनेकदा दुरुस्त झालेल्या, भाग बदललेल्या असतात, म्हणून त्यांना बहुधा खालची प्रत मिळते. मला हा निकष अपुरा वाटतो, कारण त्या दुरुस्त्यांमध्येच त्यांचा इतिहास आहे. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला जो जादा स्क्रू इशापूरच्या रायफलींत दिसतो, तो लाकूड फुटू नये म्हणून बसवलेला असतो. सोलापूरचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला त्याची गरज वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

आपल्याकडे मात्र हा छंद कायद्याच्या चौकटीतच शक्य आहे. .३०३ हे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) असल्याने सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही, परवान्यावर मिळणारी .३१५ ची रायफल याच ली-एन्फील्डच्या घडणीवर बेतलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५ जुन्या शस्त्रांना सवलत देते, पण ते शस्त्र दुरुस्त करूनही चालवता येणार नाही असेच असावे लागते. त्यामुळे घरात आजोबांची बंदूक सापडली, तर तिचे मोल विचारण्याआधी पोलीस ठाण्यात तिची नोंद आहे की नाही हे पाहावे.

एका प्रजासत्ताक दिनाच्या आधी आम्हा कॅडेटांना रायफली चकचकीत करण्याचा हुकूम झाला. आम्ही पॉलिशपेपरने लाकूड घासले आणि वर चमकदार व्हार्निश चढवले. त्या लाकडावर तपासनिसांचे बारीक शिक्के होते, ते माझ्याच हाताने गेले. या लाकडाला मुळात जवसाचे कच्चे तेल लावत असत, आणि ते तेल आमच्या गावात कोणत्याही घाण्यावर मिळाले असते. त्या दिवशी बोल्टही एकमेकांत मिसळले. माझ्या रायफलीवरचे दोन न जुळणारे क्रमांक मी एनसीसीच्या वहीत लिहून ठेवले होते आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. तो साठा तिथे अजून असेल, तर माझ्या सांगाड्याचा बोल्ट त्याच रांगेतल्या दुसऱ्या एखाद्या रायफलीत बसलेला असावा.