साडेचार इंची रिम आणि १८० चा टायर

इंदूरला रामबागेच्या बाजूला माझे मोटरसायकलींचे गॅरेज आहे. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण २०११ ची निन्जा ६५०आर घेऊन आला. ही गाडी त्याने केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी ठेवली असून कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ती न्यायची होती. सोबत कोणाकडून तरी घेतलेला १८०/५५ चा, म्हणजे १८० मिमी रुंदीचा, वापरलेला स्लिक (खाचा नसलेला, शर्यतीचा) टायर होता.

"काका, पैसे देऊन बसलोय, मागे हाच बसवून द्या. रुंद टायरची पकड जास्तच असणार ना?"

या गाडीची मागची रिम साडेचार इंचांची, आणि तिच्यासाठी कंपनीने दिलेले माप १६०/६०. १८० चा टायर साडेपाच इंची रिमसाठी घडवलेला असतो. पाच इंचांपेक्षा अरुंद रिम त्याला चालत नाही. नुसते सांगून त्याला पटेना, म्हणून गॅरेजमध्ये पडून असलेल्या तशाच रिमवर त्याचा टायर केवळ दाखवण्यापुरता चढवला आणि रुंदी मोजायचा व्हर्नियर त्याच्याच हाती दिला. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने घटते, त्यामुळे इथे १८० मधले जवळजवळ १० मिमी बीडपाशी (टायरची रिममध्ये बसणारी कड) आवळले जाऊन नाहीसे झाले होते. त्याहून महत्त्वाचा होता आकार. १६० आणि १८० अशा दोन्ही टायरच्या माथ्याचे पुठ्ठ्याचे साचे कापून शेजारी ठेवले, तेव्हा १८० चा माथा टोकदार आणि कडा इतक्या उभ्या दिसल्या, की गाडी कितीही झुकवली तरी कडेचे रबर जमिनीला पुरते टेकले नसते. वळणावर पकड हवी म्हणून घेतलेला टायर नेमका वळणावरच कमी जागेवर उभा राहणार होता. साचे हातात घेऊन तो बराच वेळ गप्प होता.

त्याच्या टायरच्या साइडवॉलवरच्या, म्हणजे बाजूवरच्या, कोडचे शेवटचे चार अंक होते ३४१७, म्हणजे २०१७ चा चौतिसावा आठवडा. रबर नखाने दाबले तरी दबत नव्हते. त्यातच स्लिकला आधी वॉर्मरने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या वेष्टनाने, तापवावे लागते आणि नंतर ती उष्णता टिकेल इतके जोरात पळवावे लागते. सुमारे ७२ अश्वशक्तीच्या आणि मागच्या शॉकला (धक्के शोषणाऱ्या भागाला) फक्त प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबायची याची, सोय असलेल्या या जुन्या गाडीवर, तेही वॉर्मर आणि जनरेटर जवळ नसताना, तो थंडच राहिला असता. थंड स्लिक कोणत्या क्षणी सुटेल याचा अंदाज अनुभवी चालकालाही येत नाही. असे काम करून गाडी दाराबाहेर सोडणे मला मान्य नाही, आणि गिऱ्हाईक हातचे जाईल म्हणून हा नियम मी मोडत नाही.

"अरे, तुझ्या गाडीला १६०/६० च लाव, पण मधे कडक आणि कडेला मऊ रबर असलेला, खाचांचा रेडियल घे," असे मी सुचवले. तसा नवा टायर त्याने मागवला, तारखेचा कोड स्वतः वाचून घेतला, आणि फिरण्याच्या दिशेचा बाण पाहून मी तो बसवला. रस्त्यावर मागे ३६ पीएसआय भरतात. ट्रॅकसाठी टायर कंपनीने दिलेला आकडा पाळायचा आणि गाडी पिटमध्ये येताच, टायर गरम असतानाच तो तपासायचा, एवढे कागदावर लिहून दिले.

परतल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घेतली, तेव्हा रबर अगदी कडेपर्यंत एकसारखे, बारीक रवाळ झिजलेले होते आणि कुठेही फाटलेले नव्हते. पुढच्या खेपेपूर्वी मागचा शॉक उघडायचे ठरले आहे.