चतुर्थीच्या संध्याकाळी परड्यातली तलंग

चतुर्थीला संध्याकाळी आमच्या परड्यात कुत्रं शिरलं. आरती चालू होती, टाळांच्या आवाजात कोंबड्यांचा कालवा कुणालाच ऐकू आला नाही. मी पोचले तेव्हा तांबडी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, सरपणाच्या ढिगामागं अंग चोरून बसली होती. पाठीची पिसं उपटलेली, पंखाखालून रक्त, तुरा पांढुरका पडलेला. चुलतभाऊ म्हणाला, "उद्या उंदरी हाय की. कापून टाकू, ती काय जगत नाही."

उंदरी म्हणजे चतुर्थीचा दुसरा दिवस, आमच्याकडं सामिष जेवणाचा. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे बोलणं नवं नाही. जखमी कोंबडी म्हणजे दुसऱ्या दिवशीचा रस्सा, हा हिशेब मीही लहानपणापासून मानला. पण आता इंग्लंडात माझ्या घरामागं तीन कोंबड्या आहेत, आणि मला तो मानवला नाही.

तिथले नियम ऐकून आई दरवेळी कपाळावर हात मारते. एकच कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद करायची. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही सक्ती आहे, बर्ड फ्लू आला तर कुठं किती पक्षी आहेत हे कळावं म्हणून. ते मला पटतं. पण स्वयंपाकघरातलं खरकटं कोंबड्यांना घालणं बेकायदा, घर पूर्ण व्हीगन, म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच न वापरणारं, असेल तरच सूट, याचा मला अजून राग येतो. शिळ्या भाकरीचा तुकडा कचऱ्यात टाकताना हात थरथरतो. आमच्या परड्यातल्या किती पिढ्या त्या तुकड्यांवर आणि भाताच्या कोंड्यावर वाढल्या! रोगराईचं कारण मला ठाऊक आहे, तरी पटत नाही.

पण इंग्लंडातल्या त्याच गावात, कोल्ह्यानं माझी पहिली कोंबडी फाडली त्या रात्री, शेजारच्या आजी खोकं आणि टॉवेल घेऊन धावत आल्या. जखमेपेक्षा भीतीच्या धक्क्यानं कोंबडी लवकर मरते, हे मला त्यांनी सांगितलं. म्हणून आधी अंधार, ऊब आणि शांतता. बाकी सगळं त्यानंतर.

तेच मी परड्यात केलं. तलंगीला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सैलसर गुंडाळलं. सैलसर अशासाठी, की कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं, छातीचं हाड हललं तरच तिला श्वास घेता येतो. घट्ट आवळली तर हातातच गुदमरते. स्वच्छ फडकं जखमेवर धरून पाच मिनिटं दाबलं, मध्येच उचलून बघितलं नाही. रक्त थांबल्यावर जखमेभोवतीची पिसं कात्रीनं कापली. अर्धा लिटर पाणी उकळून गार केलं, त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ घातलं आणि त्यानं जखम धुतली. पिसांखाली दातांची आणखी दोन भोकं निघाली. वरून बारीक, पण कुत्र्याचा दात खोल जातो आणि आत घाण सोडतो.

काकू चमच्यानं तिच्या चोचीत पाणी ओतायला आली, तिला मी अडवलं. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, ओतलेलं पाणी थेट छातीत जाऊ शकतं. वाटी समोर ठेवायची, नाहीतर चोचीच्या कडेला थेंब लावायचा.

खरं भांडण झालं ते रॉकेलवरून. किडे पडू नयेत म्हणून जखमेवर रॉकेल लावायची आपल्याकडं सवय आहे. भाद्रपदातल्या पावसात माशी बसली की दिवसभरात अळ्या होतात, त्यामुळं ती धास्ती खोटी नाही. पण रॉकेल कातडी भाजतं, आणि कोंबडी चोचीनं पिसं साफ करताना तेच पोटात घेते. माशीपासून जपायचं तर जाळीचं फडकं पुरतं. "तू तिकडं राहून आम्हाला शिकवतीस होय?" असं काकू म्हणाली. मला ते लागलं. मी तिकडं राहते म्हणून आईच्या परड्याची मला काळजी नाही, असं होत नाही. उलट लांब असते म्हणूनच असली एकेक गोष्ट जिवापाड शिकून येते.

आणि आईला मात्र काही शिकवावं लागलं नाही. मी खोकं शोधत होते, तोवर तिनं माजघराच्या कोपऱ्यात कोरडं गवत पसरलं, तलंग त्यावर ठेवली, वर डालगं झाकलं आणि डालग्यावर गोणपाट टाकलं. आजींचं खोकं आणि आईचं डालगं, काम तेच. बाकीच्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवायला हवी, रक्त दिसलं की त्याच टोचून मारतात, हेही तिनंच काकूला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खानापूरला जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर कानडीत बोलले, आईनं मराठीत उत्तरं दिली, कुणाचं काही अडलं नाही. त्यांनी औषध दिलं, आणि ते चालू असेतो व नंतर त्यांनी सांगितलेले दिवस तिची अंडी खायची नाहीत असं बजावलं. इंग्लंडात कोंबडी बघणारा डॉक्टर मिळवायला मला तीन ठिकाणी फोन करावे लागले होते.

पाचव्या दिवशी मी निघाले. काल फोनवर आईला विचारलं, सोडलीस का तिला?

"नाही अजून. खपली धरली हाय, पण पिसं फुटूदेत की. काकू रोज मिठाचं पाणी उकळून देती."