गोणीतली जांभळी फुलं

चूक माझीच होती. वनौषधी गोळा करणाऱ्या एका काकांनी फोटो पाठवून विचारलं, "मॅडम, सहदेवीच ना?" गवतातली जांभळी गोंडेदार फुलं, अगदी वरून टिपलेली. मी कामाच्या गडबडीत "हो" कळवलं आणि विसरून गेले.

आठ दिवसांनी वाळलेल्या मालाची गोणी आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला आली. जांभळा रंग केव्हाच उडालेला, नुसती पांढरी म्हातारी नाकातोंडात जात होती. भिंग घेऊन बसले. पहिल्या दोन काड्या ठीक. तिसरीपाशी हात थांबला.

सहदेवीचं 'फूल' म्हणजे विसेक नळीदार पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा गुच्छ, सूर्यफुलाच्याच कुळातला, पण कडेच्या पाकळ्या नसलेला. गुच्छाखालची हिरवी छदं कौलांसारखी एकावर एक, चार-पाच ओळींत बसतात. या तिसऱ्या काडीवर छदांची एकच ओळ होती, सारखी उंच, कडेला कड चिकटलेली, जणू छोटी सुरई. पान कोमट पाण्यात भिजवून उलगडलं, तर बुडाशी दोन कान, खोडाला मिठी मारलेले. सहदेवीचं पान देठाकडे निमुळतं होत जातं, असे कान त्याला नसतात. म्हणजे ही सहदेवी नव्हेच, ही दुसरी वनस्पती, एमिलिया सॉन्चिफोलिया. वरून पाहिलं तर दोघींची फुलं सारखीच जांभळी, आणि मी पाहिलं होतं ते वरूनच.

100 काड्या निवडल्या. 28 एमिलियाच्या निघाल्या.

माल काढ्यासाठी जाणार होता. एमिलियात यकृताला घातक असे पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात, उकळल्याने ते जात नाहीत. गोणी नापास केली आणि काकांना बोलावून घेतलं. फोटोवर मीच होकार दिला होता, हे आधी सांगून टाकलं.

ते रागावले नाहीत, पण पटतही नव्हतं. "फूल तर एकच आहे की हो." भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ दोन्ही काड्या फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हणजे तोंड बघायचंच नाही, मान बघायची." छद हा शब्द मी इतकी वर्षं शिकवत आले, मान मला कधी सुचली नव्हती.

जाताना त्यांनी आमच्या जुन्या नमुन्याची चिठ्ठी वाचली. त्यावर सहदेवीचं जुनं शास्त्रीय नाव, व्हर्नोनिया सिनेरिया. मी सांगितलं, 1990 पासून हिला सायांथिलियम सिनेरियम म्हणतात, सिनेरियम म्हणजे राखाडी, अंगावरच्या करड्या लवेमुळे. "आम्ही सहदेवीच म्हणणार," ते म्हणाले.

पुढच्या खेपेचा फोटो आला तो फुलाच्या खालून काढलेला. छदांच्या ओळी नीट दिसत होत्या, सहदेवीच होती. तरी मी पानाच्या बुडाचा आणखी एक मागवला.