जीएपीडीएचने खाल्लेले दोन महिने

विषाणू शिरला की पेशीचं स्वतःचं आरएनए बनवणं किती मंदावतं, एवढंच मोजायचं होतं. माणसाच्या पेशी वाढवल्या, हर्पीस सिम्प्लेक्स टाइप १ हा विषाणू घातला, सहा तासांनी ट्रायझॉल या रसायनाने पेशी फोडून आरएनए काढला. इथवर सगळं सुरळीत.

घोडं अडलं जीएपीडीएचपाशी. क्यूपीसीआरमध्ये (एखाद्या जनुकाचा आरएनए किती आहे ते मोजायच्या पद्धतीत) तुलनेसाठी हे जनुक धरतात, कारण त्याचं प्रमाण म्हणे बदलत नाही. सीटी म्हणजे कितव्या सायकलला ते दिसू लागतं तो आकडा; एक सायकल उशीर म्हणजे आरएनए निम्मा. निरोगी पेशींत सीटी १७, लागण झालेल्यांत २०. तीन सायकल म्हणजे आठपट कमी! वाटलं, पिपेटिंग चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा २०. किट बदललं, प्रायमर नवे मागवले. एकूण आरएनए मोजणाऱ्या नॅनोड्रॉप यंत्रावर दोन्ही नमुने सारखेच, तरी संशय माझ्याच हातावर. गाईड म्हणाले, "अ‍ॅक्टिन लावून बघ." तुलनेचं हे दुसरं नेहमीचं जनुक, तेही घसरलेलं. त्यात जीएपीडीएचने भागलं की बाकीची जनुकं वाढलेली दिसायची, आणि त्या खोट्या वाढीवर मी महिनाभर खूश होते. आलेखसुद्धा रंगवून ठेवले होते!

हात चुकत नव्हताच. या विषाणूच्या कणातूनच व्हीएचएस नावाचं प्रथिन आत येतं आणि विषाणूची जनुकं चालू व्हायच्या आधीच पेशीचे एमआरएनए (जनुकाचा निरोप नेणारे आरएनए) कापायला लागतं. जीएपीडीएच, अ‍ॅक्टिन, दोन्ही त्यात सापडतात. एकूण आरएनएत बहुतांश असतो तो रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा. तो शाबूत, म्हणून नॅनोड्रॉप गप्प.

मग तुलनेला १८एस हा रायबोसोमचाच आरएनए धरला आणि आकडे जागेवर आले. मात्र त्याला एमआरएनएसारखी पॉली-ए शेपूट नसते, तेव्हा सीडीएनए (क्यूपीसीआरसाठी आरएनएवरून केलेली डीएनए प्रत) त्या शेपटीला चिकटणाऱ्या ऑलिगो-डीटीने नको, कुठेही चिकटणाऱ्या रँडम हेक्सामरने बनवा. (इथेही माझा एक आठवडा गेला.) आणि त्याची सीटी फारच लवकर येते, सीडीएनए पातळ करून घ्या.

तरी एमआरएनए कमी दिसला म्हणजे बनणंच कमी झालं, असं नाही. बनून कापला गेला असेल. ते वेगळं करायला शेवटचा तासभर पेशींना ४-थायोयुरिडिन (आरएनए बनताना त्यात शिरणारा घटक) दिलं. त्या तासात बनलेल्या आरएनएवरच खूण बसते, मग त्या खुणेला बायोटिन जोडून तो आरएनए बायोटिन पकडणाऱ्या मण्यांवर ओढून घेता येतो. हे सगळं अंधुक उजेडात करा, प्रकाश ४-थायोयुरिडिनला सोसत नाही. नवं उत्पादनही घटलेलं निघालं, पण आठपट मुळीच नाही.

अरे हो, हे खरं पहिल्या दिवशीच करायचं असतं: पेशी मोजा आणि ट्रायझॉल घालतानाच मोजून थोडा परका आरएनए मिसळा, म्हणजे तुलनेला पेशीबाहेरचं ठरलेलं माप मिळतं. मी ते सर्वांत शेवटी केलं.