तुम्ही विचारलंत म्हणून: ओ. व्ही. राइटचा तो खराब रेकॉर्डिंगचा अल्बम कशाला?

सोल, म्हणजे गॉस्पेल या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, नव्यानं ऐकू लागलेले बरेच जण माझ्याकडे यादी मागतात. त्या यादीत ओ. व्ही. राइट हा अमेरिकन सोल गायक असतोच, आणि त्याच्या नावापुढे १९७९ सालचा जपानमधला लाइव्ह अल्बमही असतो. तो ऐकून झाला की हमखास विचारणा होते: आवाज बसलेला, रेकॉर्डिंग धड नाही, स्टुडिओतल्या इतक्या देखण्या रेकॉर्ड असताना हा कशाला ऐकायचा?

मला तो अल्बम मनापासून आवडतो. या माणसाला गाण्यातलं काय काय कळत होतं, ते मला तिथे सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं.

राइट टेनेसीचा. जन्म १९३९ चा, घडण चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची. सनसेट ट्रॅव्हलर्ससारख्या गॉस्पेल मंडळींत तो गायला. रूझवेल्ट जेमिसन या मेम्फिसच्या माणसानं त्याला सोलकडे आणलं आणि १९६४ मध्ये जेमिसनचंच ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ त्याच्याकडून गाऊन घेतलं. ते गाणं लगोलग ओटिस रेडिंगनं उचललं, मग रोलिंग स्टोन्सनीही गायलं. मूळ गाणाऱ्याचं नाव मात्र मागेच राहिलं. त्यात ह्यूस्टनचा रेकॉर्ड कंपनीवाला डॉन रोबी मध्ये पडला. गॉस्पेलच्या दिवसांतला करार पुढे करून त्यानं राइटवर हक्क सांगितला आणि त्याला आपल्या बॅकबीट या लेबलवर घेतलं. पुढची बरीच वर्षं राइट तिथेच गात होता.

त्याच्या आवाजाला खरी जागा मिळाली ती मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत, प्रोड्यूसर विली मिचेलच्या हाताखाली. हा स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमा थिएटर. प्रेक्षकांसाठी केलेला जमिनीचा उतार आजही तिथे तसाच आहे. हॉजेस बंधूंपैकी टीनी गिटारवर, चार्ल्स ऑर्गनवर, लिरॉय बेसवर आणि ड्रम्सवर हॉवर्ड ग्राइम्स, ही तिथली घरची मंडळी. त्यांच्या वाजवण्यात गर्दी म्हणून नाही. गायकाला हवी तेवढी मोकळी जागा ठेवून ते थांबत, आणि त्या जागेत राइटचा चिरकणारा, कळवळून वर जाणारा आवाज नेमका बसायचा. १९७१ चं ‘अ निकल अँड अ नेल’ ऐका. खिशात एक नाणं आणि एक खिळा एवढंच उरलंय आणि मित्रांना याचं बरं चाललंय असंच वाटतंय, अशा माणसाचं ते गाणं आहे. एकही सूर तिथे जास्तीचा नाही.

म्हणजे तुमचं म्हणणं खरंच आहे. त्यानंतर हा लाइव्ह अल्बम लावला की दचकायला होतं.

रेकॉर्डिंगबद्दल आधी बोलू. स्टुडिओत गायक आणि ड्रम्स वेगळे ठेवता येतात, नाही जमलं तर पुन्हा गाता येतं. उघड्या स्टेजवर गायकाच्या माइकमध्ये मागचे ड्रम्स, ट्रम्पेट, स्पीकरमधून परत येणारा आवाज, सगळंच शिरतं. गाणारा दमदार असेल तर तो या सगळ्यावर मात करतो. इथे गाणाऱ्याचाच आवाज क्षीण आहे. तो वर आणायला माइक वाढवावा तर ड्रम्सच्या झांजा, म्हणजे सिंबलही, तेवढ्याच वाढणार. त्यामुळे बँड दणदणीत आणि गायक कुठेतरी मधे अडकल्यासारखा, असं मला ऐकू येतं. रॉयल स्टुडिओतली ती ऊब इथे नाही, खोलीही नाही. हे दोष आहेत आणि मी त्यांना गुण म्हणणार नाही.

आता आवाज. राइटला हेरॉइनचं व्यसन होतं, त्यापायी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तो तुरुंगातही जाऊन आला. परतल्यावर १९७७ पासून मिचेलनं हाय रेकॉर्ड्स या कंपनीसाठी त्याचे अल्बम केले, आणि त्यांतलं ‘इनटू समथिंग’ तर मला त्याच्या ऐन भरातल्या गाण्यांच्या तोडीचं वाटतं. पण अमेरिकेत डिस्कोचा जोर होता, दक्षिणेकडच्या या जुन्या वळणाच्या गायकांना तिथे कोण विचारतो! विचारलं ते जपानी रसिकांनी. १९७८ मध्ये राइटची तब्येत बिघडली म्हणून त्याच्याऐवजी ओटिस क्ले हा दुसरा सोल गायक जपानला गेला. पुढच्या वर्षी राइट स्वतः गेला. त्याच १९७९ साली सोल गायक जेम्स कारही टोकियोत होता. जेमिसननंच पुढे आणलेला हा दुसरा मोठा गायक तिथे माइकसमोर नुसता उभा राहिला, गाऊच शकला नाही. त्या पिढीची काय अवस्था झाली होती हे एवढ्यावरून कळावं.

राइट गायला. कसा, ते जरा कान देऊन ऐका. पूर्वी एका दमात घेतलेली ओळ तो आता मधेच तोडतो. पण कुठेही नाही, अर्थ जिथे श्वास घेऊ देतो तिथेच. उरलेले शब्द गाण्याऐवजी बोलतो, बँडला पुढे जाऊ देतो आणि मग मागून येऊन शेवटचा शब्द नेमका पकडतो. वरच्या सुराला हात घालायच्या आधी तो किंचित थांबतो. लागेल की नाही याचा अंदाज घेत असावा. कधी लागतो, कधी आवाज फाटतो. फाटला तर तो सूर सोडत नाही, त्या फाटण्यावरच ओळ संपवतो.

हे सगळं गॉस्पेलमधलं आहे. चर्चमध्ये धर्मोपदेशक बोलता बोलता गाऊ लागतो, आवाज घोगरा झाला तरी मंडळींना सोबत घेऊन जातो. ‘एट मेन, फोर विमेन’ या १९६७ च्या गाण्यात राइटला स्वप्न पडतं की आठ पुरुष आणि चार बायकांच्या ज्यूरीनं त्याला प्रेम केल्याबद्दल दोषी ठरवलंय. त्या रेकॉर्डवरही हे कसब आहेच, पण आवाज इतका देखणा की लक्ष आवाजाकडेच जातं. जपानमध्ये तो देखणेपणा गेलेला असतो आणि त्याखालचं कसब उघडं पडतं.

आपल्याकडे उतारवयातल्या गवयांच्या खाजगी मैफलींच्या कॅसेट ज्यांनी हातोहात फिरवल्या, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तंबोरा दूर, कोणाची तरी खोकल्याची उबळ जवळ, दमसास कमी झालेला, आणि तरीही रागाची एखादी जागा अशी यायची की ती कॅसेट कोणी परत मागितली तरी देववत नसे. फरक एवढाच की राइट उतारवयात नव्हता. तो चाळिशीतही जेमतेम पोचत होता.

१६ नोव्हेंबर १९८० ला अलाबामातल्या मोबील इथे हृदयविकारानं तो गेला. वय ४१. मेम्फिसमधल्या त्याच्या कबरीवर २००८ पर्यंत नावाचा दगडसुद्धा नव्हता, तो चाहत्यांनी पैसे जमवून बसवला. हे लिहितानाही मला राग येतो.

तेव्हा सुरुवात या अल्बमनं करू नका, हे मात्र खरं. यादीत त्याचा क्रमांक शेवटचा असतो तो म्हणूनच. आधी बॅकबीटची गाणी, मग ‘इनटू समथिंग’, आणि ती गाणी तोंडात बसली की मगच जपान. मूळ ओळ माहीत असेल तरच तो ती कुठे तोडतो आणि काय गाळतो हे कळतं. हेडफोन लावू नका, सिंबल कानात घुसतात. साध्या स्पीकरवर, ट्रेबल थोडा उतरवून ऐका. आवाज बराच पुढे येतो.