भाड्याची गाडी बोटीवर चढवायची परवानगी: माझा अनुभव

युरोपात स्वतः गाडी चालवत फिरायचं म्हटलं की जो तो व्हिसाची भीती घालतो. आमचा व्हिसा विनातक्रार आला. अडलं ते भाड्याच्या गाडीपाशी, आणि तेही ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच होतं अशा प्रश्नावर: ही गाडी बोटीवर चढवलेली चालेल का? अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो.

मार्ग असा होता. म्युनिकला उतरून गाडी घ्यायची, साल्झबर्ग आणि फिलाखवरून स्लोव्हेनिया, मग क्रोएशियाचा किनारा धरून थेट दुब्रोव्निक. तिथून मागे स्प्लिटला यायचं, रात्रीच्या बोटीने एड्रियाटिक समुद्र ओलांडून सकाळी इटलीतल्या अँकोनाला उतरायचं आणि बोलोन्या, वेरोना, ब्रेनर खिंड असं करत म्युनिकला गाडी परत द्यायची. बरोबर नवरा, सासूबाई आणि नणंद. गाडी मी चालवणार. बोट घ्यायची ती सासूबाईंसाठी. आल्या वाटेने परतायचं तर त्यांना तासन्‌तास गाडीत अवघडून बसावं लागलं असतं, बोटीत केबिन घेतली की रात्रभर आडवं होता येतं.

म्युनिकमधल्या एका कंपनीची गाडी मी पुण्यातूनच बुक केली. त्यांच्या नियमांत देशांची यादी होती. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया चालेल, क्रोएशियाला जास्तीचं शुल्क, इटलीत ठरावीक महागड्या गाड्या न्यायच्या नाहीत. आणि खाली, वेगळ्याच शीर्षकाखाली एक ओळ: लेखी पूर्वपरवानगीशिवाय गाडी जहाजावर नेल्यास विमा लागू होणार नाही.

मी फोन केला. "मॅडम, क्रोएशिया आणि इटली दोन्ही यादीत आहेत, काही प्रॉब्लेम नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. मी म्हटलं, हेच मला मेलवर लिहून द्या. तिथे गाडं अडलं. मेलवर उत्तर आलं, परवानगी शाखा देते. शाखेने कळवलं, आधी बोटीचं तिकीट पाठवा. तिकीट काढायला गेले तर फॉर्ममध्ये गाडीचा नंबर, लांबी, उंची. नंबर कळणार गाडी ताब्यात मिळेल त्या दिवशी. तोवर कंपनी फक्त गाडीचा वर्ग सांगते. म्हणजे नंबर नाही म्हणून तिकीट नाही, तिकीट नाही म्हणून परवानगी नाही. आणि व्हिसाच्या अर्जाला तर रोजचा मुक्काम आणि प्रवास कसा, ते कागदोपत्री दाखवायचं होतं.

शेवटी बोटीच्या कार्यालयालाच मेल केला की गाडी भाड्याची आहे, नंबर नंतर कळेल. त्यांचं उत्तर लगेच आणि स्वच्छ आलं: त्या वर्गातल्या सर्वांत मोठ्या गाडीची लांबी-उंची टाका, नंबर चेक-इनच्या आधी कळवा. तुमची बोट कुठलीही असो, हा प्रश्न आधी त्यांनाच विचारा. तिकीट आलं, मी ते शाखेला पाठवलं. आता शाखा म्हणाली, विमा विभागाला विचारावं लागेल. विमा विभागाचा फोन कुणाला देत नाहीत. आठवडे गेले. मी दर वेळी तोच प्रश्न, तोच बुकिंग क्रमांक टाकून पाठवत राहिले आणि दर वेळी नवीन माणूस मला क्रोएशिया यादीत असल्याचं सांगत राहिला. त्यांच्या यादीत देश होते, समुद्र नव्हता. मी विचारत होते ते त्या दोन देशांच्या मधल्या रात्रीबद्दल.

ही हट्टाची गोष्ट नाही, हे घरच्यांनाही समजवावं लागलं. नवरा म्हणत होता, कोण बघायला येतंय, चढवू गाडी. पण बोटीच्या पोटात गाड्या हातभर अंतरावर लावतात, माल बांधलेले ट्रक शेजारी असतात. ओरखडा उठला तर विम्याने हात वर केल्यावर भरपाई आपल्या खिशातून. जहाजकंपनीची जबाबदारीही अमर्याद नसते: समुद्रप्रवासातल्या भरपाईबद्दलच्या अथेन्स करारानुसार गाडीमागे, आतल्या सामानासकट, १२,७०० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) एवढीच तिची कमाल मर्यादा आहे. शिवाय दिसण्यासारखं नुकसान गाडी परत ताब्यात घेतानाच लेखी कळवायचं असतं. म्हणून बोटीत गाडी लावल्यावर चारही बाजूंनी फोटो काढा आणि सकाळी बाहेर काढण्याआधी पुन्हा काढा.

शेवटी मी ते बुकिंग रद्द केलं. दुसरी कंपनी शोधताना आधी भाडं पाहिलंच नाही; नियमांत बोट हा शब्द शोधला. तिथे सरळ लिहिलं होतं की देश आणि बोटीचा मार्ग बुकिंगच्या वेळी सांगा, परवानगीचं पत्र गाडीसोबत मिळेल. मेल केला, लेखी होकार आला. गाडी थोडी महाग पडली. तरी त्या संध्याकाळी मी घरात सगळ्यांना तो मेल वाचून दाखवला आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. म्युनिकच्या काउंटरवर ते पत्र हातात पडलं, त्यावर गाडीचा नंबर होता. तो नंबर मी तिथेच उभी राहून बोटीच्या कार्यालयाला पाठवला.

तेव्हा कुठलंही परत न मिळणारं तिकीट किंवा हॉटेल घेण्याआधी गाडीच्या कंपनीकडून बोटीसाठीचा लेखी होकार मिळवा. तोंडी 'चालेल'ला काही किंमत नाही.

व्हिसाचं थोडक्यात. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे विमान कुठे उतरतं त्यावर ठरत नाही, मुक्काम जास्त कुठे त्यावर ठरतं. म्हणून आमचा अर्ज क्रोएशियाकडे गेला. रात्री समान असतील तर ज्या देशात पहिला प्रवेश, तिथे. शुल्क ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरला. नणंदेला बॉस्नियातल्या मोस्तारचा जुना पूल पाहायचा होता, पण बॉस्निया शेंगेनबाहेर. तिथून परत आत यायला मल्टिपल एंट्री हवी. तो बेत सोडला. पूर्वी दुब्रोव्निकला जातानाही बॉस्नियाची चिंचोळी पट्टी ओलांडावी लागायची. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला आणि ती अडचण संपली.

लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओकडून काढा. ते एक वर्ष चालतं आणि मूळ लायसन्सशिवाय त्याला अर्थ नाही. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं, कारण त्यावर डिपॉझिट अडकवून ठेवतात. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून आधीच चालू करून ठेवा.

टोलचं राहिलं. ऑस्ट्रियाच्या महामार्गांना विन्येट, म्हणजे ठरावीक मुदतीचा टोलचा पास लागतो, पण टाउअर्नचा रस्ता, कारावांकेन बोगदा आणि ब्रेनरची वाट यांचे पैसे वेगळे. स्लोव्हेनियात काचेवरचं स्टिकर २०२२ पासून बंद झालं, आता सगळं नंबर प्लेटवर ऑनलाइन. म्हणजे तेही गाडी हातात आल्यावरच, पार्किंगमध्ये बसून. ओ आणि शून्य नीट तपासून घ्या.

बोटीवर एक रात्रीची वेगळी पिशवी करा. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद करतात, सासूबाईंच्या गोळ्या खाली राहिल्या तर सकाळपर्यंत मिळणार नाहीत. आम्ही ती पिशवी स्प्लिटच्या धक्क्यावर रांगेत उभं असतानाच भरली.

आणि इटलीत जुन्या शहरांच्या आत झेडटीएलच्या, म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच आत सोडणाऱ्या हद्दीच्या पाट्या असतात, तिथे कॅमेरे नंबर टिपतात. दंड रेंटल कंपनीमार्फत महिन्यांनी येतो, वर त्यांचं हाताळणी शुल्क वेगळं. वेरोनात आमचं हॉटेल त्या हद्दीत होतं. पोचायच्या आधी फोन करून त्यांना गाडीचा नंबर दिला आणि त्यांनी तो नोंदवून घेतला.