वाऱ्यानं दुखतं

आज सकाळी आत्याने तर्री-पोह्यातले चणे एकेक करून बाजूला काढले. मग छोटासा घास, फक्त डाव्या बाजूने. तेवढ्यात दारातून डिसेंबरचा गार वारा आला आणि ती घास तसाच तोंडात धरून, डोळे मिटून बसली. आठ-दहा सेकंद. उजवा हात गालाजवळ, पण गालाला न लावता.

"वाऱ्यानं कधी कोणाला दुखते का बाप्पा?" शेजारच्या काकू म्हणाल्या.

दुखतं, काकू. ट्रायजेमिनल न्युराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेचा आजार. बहुतेकदा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबत असते. नसेचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही विजेच्या झटक्यासारखा पोचतो. आजार कळायच्या आधी आत्याच्या दोन चांगल्या दाढा यापायी उपटून झाल्या.

काकू गेल्यावर ती हळूच म्हणाली, "कळ जाते रे. पण आता येईन, मग येईन, हे जात नाही."

दिवसभर तेच डोक्यात आहे.

कळ कुठे आणि किती, हे मुख्यतः मेंदूचा एक भाग ओळखतो; ती नकोशी, भयाण करण्यात दुसऱ्या भागांचा हात असतो. वेदना या सगळ्यांतून घडते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारली, तीतही संवेदना आणि भावना दोन्ही आहेत. म्हणजे आत्याचं ते धास्तावणं दुखण्यातलंच आहे. आणि आम्ही वर्षभर तिला सांगत होतो, "मनावर घेऊ नको."

तुमच्या घरी कोणी असं गाल सांभाळत जेवतं का?